तीस पावलं

सगळी गल्ली त्याला कप्तान म्हणायची, आणि गेली तीस वर्षं तो घड्याळं दुरुस्त करत होता. त्याआधी शहराच्या नदीवर प्रवासी लाँच चालायच्या. कामगार, भाजीच्या टोपल्या, शाळेची पोरं, सगळं पाण्यावरून जायचं. सुकाणूवर कप्तान आणि पुढच्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ, बांबू बुडवून पाण्याची खोली ओरडून सांगायला. मग पूल झाला आणि लाँच भंगारात गेल्या. कप्तानाने रागाच्या भरात आपला परवाना नदीत भिरकावला. धाकटा बसवर कंडक्टर झाला, पण परीक्षा देऊन त्यानेही लाँचचा परवाना काढला होता, आणि दर पाच वर्षांनी रांगेत उभा राहून तो त्यावर नवा शिक्का मारून आणायचा. लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्याने कप्तान हसायचा.

आता रस्ते तुंबले तशी शहराला नदी आठवली. नवी बोट आली, परवानेवाला शोधायला निघाले, तर सापडला धाकटा. पांढरा गणवेश घालून तो दाखवायला घरी आला आणि कप्तानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंडाने तो छान म्हणाला, पोटात मात्र आग. ज्याला आपण दोरीची गाठ मारायला शिकवलं, तो आता सुकाणू धरणार! गणवेश शोभतो हं, असं बायको म्हणाली, तर हा ताटावरून उठला.

धाकट्याचं कामही होतं. वळणाजवळ पाण्याखाली वाळूचा दांडा होता. पूर्वी बेकरीचं धुराडं समोर आलं की लाँच वळवायची. ते धुराडं केव्हाच पाडलं होतं.

"दादा, चाचणीच्या दिवशी धुराडं होतं तिथल्या घाटाच्या पायऱ्यांवर वहिनीची लाल छत्री उघडून उभा राहशील? दुरून पायऱ्या दिसत नाहीत, छत्री दिसेल. साहेब बोटीवर असतील. रुतलो तर माझी नोकरी गेली समज."

कप्तान हो म्हणाला. कधी नव्हे ती त्याला त्या रात्री गाढ झोप लागली.

चाचणीच्या सकाळी तो पायऱ्यांवर गेला, आणि काठाकाठाने मोजून तीस पावलं पुढे जाऊन उभा राहिला. कुणी विचारलंच तर सांगायला उत्तर तयार होतं: म्हाताऱ्याची नजर, चुकली जागा.

बोट आली. पायऱ्या मागे पडल्या, छत्री समोर आली, बोट वळली आणि खरखरत दांड्यावर चढून थांबली. किनाऱ्यावरचे लोक हसले. कप्तानाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

धाकटा कमरेएवढ्या पाण्यातून चालत किनाऱ्याला आला. गणवेशाला चिखल लागला होता. साहेबांना सांगितलं, चूक माझीच आहे, असं तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "दादा, वाळू किती सरकली रे?"

"कसली वाळू?"

"जवळ आल्यावर पायऱ्या दिसल्या मला. तू पुढे उभा होतास. म्हटलं, दांडा सरकला असेल, दादाला ठाऊक असणार. म्हणून तुझ्यापाशी वळवली."

कप्तानाने छत्री मिटली, भावाच्या हातात दिली आणि चपला घालूनच पाण्यात उतरला. बोटीवरचे साहेब त्याच्याकडे बघत होते. तीस पावलांचं त्यांना सांगायचं होतं.