फांदी ओढून पाहताना

लॅव्हेंडरच्या चार-पाच फांद्या कुंडीत खोचून आठवडा झाला. खालची पानं काढली, मातीत वाळू मिसळली, कुंडी सावलीत ठेवली. करायचं ते सगळं केलं. आता नुसतं थांबायचं, आणि तेच मला जमत नाही. आज सकाळीही एक फांदी हळूच ओढून पाहिली. अलगद हातात आली. मुळाचा पत्ता नव्हता.

"अगं बाई, रोज उपटून बघितलंस तर ती रुजणार कधी?" मागून आई म्हणाली. गावचं घर बंद करून ती गेल्या महिन्यात माझ्याकडे कायमची राहायला आली आहे. तेव्हापासून मी तिलाही रोज विचारते, "करमतंय ना गं इथे?" ती रोज "हो" म्हणते, आणि त्या "हो"ने माझा जीव आणखीच खालीवर होतो.

आजही प्रश्न ओठांवर आला होता. तो गिळून मी फांदी पुन्हा मातीत खोचली आणि चहा टाकायला आत गेले. चहाचा डबा जागेवर नव्हता. आईने तो खालच्या फळीवर, तिच्या हाताला येईल असा ठेवला होता. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याची जागा ठरलेली असते. मी चहापत्ती काढून घेतली आणि डबा पुन्हा खालीच ठेवला.