सासरे, साहेब आणि मगरीची होडी

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. चहा घ्या, बिस्कीट बुडवा, काय वाटेल ते करा. पण मधेच हसलात तर मी उठून जाईन. गोव्याला जाऊन जगातला प्रत्येक माणूस ताजातवाना होऊन येतो. मी तिथून मान खाली घालून आलो. आणि तीही कुणी घालायला लावली नव्हती, माझी मीच घातली!

लातूर नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. कचेरी नवी, खुर्च्या नव्या, साहेब नवे. जुना होता तो फक्त दुष्काळ. आणि मी कुठं? तर पाणीटंचाई शाखेत कारकून! आता बघा, अख्ख्या जिल्ह्यात पाणी नाही आणि पाण्याचा कागद माझ्या टेबलावर. लोक मला दाढी करताना गाठायचे. एका लग्नात तर मी अक्षता टाकून राहिलो होतो, नवरीच्या मामानं माझा हातच धरला. "आमच्या गावचा टँकर कवा येनार, ते सांगा आधी!" तिकडं मंगलाष्टकं चालू, आणि इकडं हा!

माझे सासरे उदगीरचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. मोंढ्यात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, त्यांचं आडतीचं दुकान. पण शेतात काही पिकलंच नाही तर मोंढ्यात येणार काय? अप्पा सकाळी कपाळाला विभूती लावून दुकानात जायचे, रिकाम्या काट्यापुढं बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. बोलणं कमी झालं, जेवणही कमी झालं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर समुद्राचं चित्र. एक दिवस त्याच्याकडं बघत ते माझ्या बायकोला म्हणाले, "महानंदा, एवढं पानी एका जाग्याला खरंच असतंय का गं?"

झालं! महानंदा माहेराहून आली तीच डोळे पुसत.

"अप्पांना गोव्याला न्यायचं."

"कधी?"

"ह्याच महिन्यात."

"अगं, टंचाईमुळं सगळ्यांच्या रजा बंद हायत!"

"ते तुमचं तुम्ही बघा. माणूस खंगून चाललाय माझा."

आता मी काय करायचं, सांगा? सरळ साहेबांकडं जाऊन खरं कारण सांगायचं, हे तुम्हाला सुचलं असतं. मला नाही सुचलं. सरकारी नोकरीत राहून माझा एक समज झाला होता की खऱ्या कारणाला रजा मिळतच नसते. मी झकास अक्षरात अर्ज लिहिला, 'सासरे अत्यवस्थ असल्याने चार दिवसांची रजा मिळावी.' आणि कदम साहेबांच्या टेबलावर ठेवला.

तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी टँकरच्या चौकशीला मी जळकोटला गेलो. संध्याकाळी परत येऊन बघतो, तर अर्ज मंजूर! साहेब खुर्चीतून म्हणाले, "जाऊन या शिवराज. सासऱ्यांना नीट दाखवून आणा."

नीट दाखवून आणा म्हणजे डॉक्टरला, हे उघड होतं. मी तोंड पाडून "हो साहेब" म्हणालो आणि बाहेर आल्यावर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काय अर्ज लिहिला होता! काय अक्षर!

तर निघालो आम्ही तिघं एसटीनं. कोल्हापूर मागं पडलं, घाट लागला आणि अप्पा खिडकीला चिकटले. हिरवंगार जंगल, कड्यावरून पाण्याच्या बारीक धारा. घाटभर ते "शिवा शिवा" म्हणत होते. माकडं दिसली, मोर दिसला. मी दाखवायला लागलो तर म्हणाले, "गप बसा की हो जावई. बघून राहिलो न्हवं मी."

लॉजवर पोचलो. मी तोंड धुऊन येतो तर खोलीत काय? अप्पांनी नळ सोडून बादली भरलेली, तांब्या भरलेला, पाण्याचे चारी ग्लास भरलेले, आणि आता अप्पा सिगारेटची राख झाडायची वाटी भरत होते!

"अप्पा, हे काय?"

"पानी गेलं म्हंजी?"

लॉजची मालकीण, एक म्हातारी बाई, दारातून बघत होती. म्हणाली, "आजोबा, नळाक चोवीस वरां उदक आसता!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हन्ती?"

"चोवीस तास पाणी असतंय म्हणते."

अप्पा पलंगावर बसले. बराच वेळ नळाकडं बघितलं. मग उठून राखेची वाटी पुन्हा काठोकाठ भरली. बाईच्या शब्दावर त्यांचा विश्वासच बसला नव्हता.

दुपारी बाजारात गेलो तर सगळी दुकानं बंद. मी एका माणसाला विचारलं, काय संप आहे का? तो म्हणाला, नाही, जेवून झोपलेत. आता अप्पांचा जन्म दुकानाच्या गादीवर गेलेला!

"दिवसाढवळ्या दुकान बंद करून झोपत्यात? गिऱ्हाइक आलं तर?"

"तेही झोपलेलं असतंय म्हणे, अप्पा."

"कमाल हाय!" असं म्हणत म्हणत हा माणूस, ज्यानं चाळीस वर्षांत दुपारी डोळा मिटला नव्हता, लॉजवर येऊन पाच वाजेपर्यंत घोरला. उठल्यावर म्हणाले, "रीत वाईट न्हाई."

समुद्राचं मात्र जमलं नाही. लाटेतलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं आणि थुंकले. मग माझ्यावरच चिडले! "एवढं पानी अन् एक घोट प्यायचा न्हाई? मग कामून ठिवलंय हे?" जसं काही मीच मीठ टाकलं होतं. टंचाई शाखेत आहे म्हणून समुद्राचा जबाबही मीच द्यायचा?

ऊन कडक. महानंदानं त्यांना गवताची मोठी हॅट आणि काळा चष्मा घेऊन दिला. खाली धोतर, कपाळाला विभूती, वर हॅट. लोक वळून वळून बघत होते. अप्पा खुशीत.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या बाईनं सांगितलं, खाडीत मगरी आहेत, मिंगेल होडीवाला दाखवून आणतो. अप्पा आधी तयार. होडीच्या अगदी टोकाला, आमच्याकडं पाठ करून बसले. आणि खरं सांगतो, बघण्यासारखंच होतं. दोन्ही काठांना खारफुटीची झाडी, त्यांची मुळं पाण्यात बोटं रोवल्यासारखी. निळा खंड्या सूं करून पाण्यात घुसायचा. डोक्यावर पांढऱ्या मानेची लाल घार. चिखलात तर मासे चालत होते हो, पायांनी चालल्यासारखे! अप्पा वाकून वाकून बघत होते, आणि महानंदा अप्पांकडं बघत होती.

पुढच्या धक्क्याला मिंगेलनं होडी लावली. अजून एक जोडपं चढलं. बाई आधी. मागून एक गृहस्थ, फुलाफुलांचा शर्ट, गुडघ्यापर्यंत पँट, पायात स्लिपर.

कदम साहेब!

मी चटकन टॉवेल डोक्यावर ओढला. पण होडी ती केवढी?

"अरे! शिवराज ना?"

मी सवयीनं ताडकन उभा राहिलो. होडी हेलकावली, साहेबांच्या बाईसाहेब ओरडल्या, मिंगेल ओरडला, "बस रे बस!" मी बसलो.

"आम्ही नातवाच्या बारशाला आलो," साहेब हसत म्हणाले. "मुलगी दिलीय इकडं. काय, सासरे कसे आहेत?"

बघा, किती साधा प्रश्न. पण मला वाटलं, साहेबांनी मला पकडलं! हे हसणं म्हणजे जाळं आहे! अत्यवस्थ सासऱ्याला सोडून जावई गोव्यात काय करतो, याचं एकच उत्तर मला सुचलं. आणि ते मी दिलं.

"गेले, साहेब."

महानंदानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणीच आलं. ते त्या बोलण्याला फार शोभलं.

साहेबांचा चेहरा बदलला. "गेले? कधी?"

"परवा, साहेब."

"परवा! आणि तुम्ही इथं?"

"अस्थी... अस्थी विसर्जनाला, साहेब. समुद्रात."

साहेब जरा पुढं वाकले. मग हळूच म्हणाले, "शिवराज, तुम्ही लिंगायत ना? तुमच्यात दहन नसतं. माती देतात."

घ्या! स्वतःच्या घरची रीत मी साहेबांकडून शिकून राहिलो होतो! पण तोंड एकदा सुटलं की थांबतं का? "हो साहेब, माती दिली. पण त्यांची समुद्र बघायची लई इच्छा होती. म्हणून त्यांचा... त्यांचा रुमाल घेऊन आलोय. दाखवायला."

"रुमालाला समुद्र दाखवायला?"

"हो साहेब."

तेवढ्यात मिंगेल दबक्या आवाजात म्हणाला, "मगर! मगर!" सगळे एका बाजूला वाकले. टोकाला बसलेल्या हॅटवाल्या गृहस्थांनी मात्र मगरीकडं पाठ केली, काळा चष्मा काढला आणि विचारलं, "कोन गेलं हो?"

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. हॅट बघितली, विभूती बघितली. आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, अप्पा! तुम्हीच गेलात म्हणतात."

"मी?"

"हो."

"कवा?"

"परवा."

अप्पा माझ्याकडं वळले. "अन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

मला वाटलं, आत्ता पाण्यात उडी मारावी. पण तिथं मगर होती!

मग सगळा उलगडा झाला. मी जळकोटला गेलो होतो ना, त्या दिवशी अप्पा उदगीरहून थेट कचेरीत आले होते. साहेबांपुढं बसून सरळ म्हणाले होते, "साहेब, मला एकदा समिंदर बघायचा हाय. जावयाला चार दिवस सोडा." साहेबांनी अप्पांना चहा पाजला आणि माझा अत्यवस्थ अर्ज समोर असताना, हे अत्यवस्थ गृहस्थ बशीतून चहा पिताना बघत, त्यावर सही केली. 'नीट दाखवून आणा' म्हणजे समुद्र! डॉक्टर कुठून आला?

"मग अप्पा, तुम्ही मला बोलला का नाहीत?" मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो.

"तुमी तरी मला कुठं बोललाव, मी मरायला टेकलोय म्हनून?"

साहेबांच्या बाईसाहेब पदर तोंडाला लावून हसत होत्या. मिंगेलला काही कळलं नव्हतं, तोही हसत होता. महानंदा एकटी हसली नाही. ती लॉजवर गेल्यावर जे बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही.

होडीतून उतरताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शिवराज, ते खोटं कारण काही मी विसरणार नाही. सोमवारी हजर होताना लेखी खुलासा घेऊन यायचा." आणि अप्पांना हाताला धरून नारळपाणी प्यायला घेऊन गेले. दोघांची अशी गट्टी जमली की उरलेले दोन दिवस अप्पा, महानंदा, साहेब आणि बाईसाहेब मिळून हिंडले. देवळं बघितली, मसाल्याची बाग बघितली. एका सकाळी पाणमांजराची जोडी दिसली म्हणे, पिलांसकट. मी कुठं होतो? लॉजवर! खुलासा लिहून राहिलो होतो. 'सासरे अत्यवस्थ नव्हते' असं लिहिलं, खोडलं. 'सासरे अत्यवस्थ असल्याचा माझा गैरसमज झाला' लिहिलं, तेही खोडलं. मगरसुद्धा मी बघितली नाही हो! ती वर आली तेव्हा मी साहेबांच्या तोंडाकडं बघत होतो.

शेवटच्या संध्याकाळी अप्पा खोलीत आले. पाय वाळूनं भरलेले, तोंड उन्हानं तांबूस, आणि महानंदानं पुढं केलेली तिसरी पोळी मुकाट खाल्ली. मग माझ्या शेजारी बसले.

"काय अडलंय?"

"खुलासा जमत नाही, अप्पा."

"लिवा. सासऱ्याला समिंदर बघायचा होता. मला खरं बोलायचं भ्याव वाटलं. संपलं."

मी लिहिलं. दोन ओळी. एवढ्याचसाठी दोन दिवस गेले होते! अप्पा म्हणाले, "आना, साक्षीदार म्हनून मी सही करतो." मला इतकं भरून आलं की त्यांची सही झाल्यावर मी कागद तसाच घडी घालून पाकिटात घातला. वाचायचं कशाला? घरचाच माणूस!

सोमवारी साहेबांनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, माझ्या प्रामाणिकपणानं साहेबांना गहिवरून आलं. मग त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला.

खाली अप्पांनी मोंढ्यातल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'वरील मजकूर खरा आहे. सही, मयत स्वतः.'

तो कागद माझ्या फाईलला लागला. आणि आता निवृत्तीच्या कामासाठी ती फाईल पेन्शनच्या टेबलावर गेलीय. कालच तिथल्या पोरीनं मला बोलावून घेतलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "काका, यातले मयत नेमके कोण? तुम्ही, की तुमचे सासरे?"