जानेफळच्या रस्त्यावर अठराचा ॲव्हरेज

आम्ही जुनी पेट्रोलची गाडी घेतली, तेव्हा मी मेहकरहून जानेफळच्या शाळेत शिकवायला जात होते. सकाळची बस नेमकी प्रार्थना संपल्यावर पोचायची, म्हणून गाडी मीच न्यायची असं ठरलं. महिनाभराने नवऱ्याने टाकी फुल केली आणि ॲव्हरेज काढला. त्याच्या हातात लिटरला अठरा किलोमीटर देणारी गाडी माझ्या हातात साडेबारा देत होती.

"तुह्या पायाले वजनच लय हाये," तो हसत म्हणाला. "बसनंच जात जा."

तो हसला, तेच जास्त लागलं. उशिरा पोचून मुख्याध्यापकांपुढे मान खाली घालणं मी तीन वर्षं केलं होतं. ते आता पुन्हा करायचं नव्हतं.

"गाडी मीच नेईन," मी म्हटलं, "आन् अठरा काढून दाखवीन."

अठरा कसे काढतात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

आमच्या गल्लीत एक काका राहायचे. उभा जन्म ट्रक चालवून आता घरी बसलेले. रविवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. "काका, कमी पेट्रोलात गाडी कशी चालवायची ते मले शिकवा." त्यांनी चष्मा पुसला, चपला घातल्या आणि सरळ गाडीत येऊन बसले.

जानेफळ येईपर्यंत ते नुसतं माझं चालवणं बघत होते. शाळेच्या बंद फाटकाशी गाडी थांबवली, तेव्हा म्हणाले, "पोरी, तू गाडी चालवून राह्यली का रस्त्याशी भांडून राह्यली?"

"काऊन, काका?"

"गतिरोधक इतक्या दुरून दिसते, तरी तू त्याच्या अंगावर जाऊन ब्रेक मारते. पेट्रोल जाळून वेग कमावते अन् ब्रेकवर घासून फेकून देते. दिसला का ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ. गाडी आपसूक हळू होते."

परतीच्या वाटेवर त्यांची नजर माझ्या डाव्या पायाकडे गेली. तो क्लचवर टेकलेलाच होता. "ते काय पायपुसणं हाये?" मी पाय बाजूला घेतला. पोटरी किती आखडली होती, ते तेव्हा कळलं.

गाडी बंद पडेल या भीतीने मी गावात दुसऱ्या गिअरच्या पुढे जायचीच नाही. इंजिन केकाटत राहायचं. "लवकर बदल गिअर," काका म्हणाले. मी इतका लवकर बदलला, की भर बाजारात गाडी आचका देऊन बंद पडली. मागे कपाशीचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता आणि माझे कान तापले होते. काका शांत होते. "पडू दे. पुन्हा चालू कर. आता समजलं ना, लवकर म्हंजे किती लवकर ते? इंजिनाचा आवाज आयकत जाय."

ते एकदाच रागावले. उतारावर पेट्रोल वाचवायला मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तेव्हा. "गिअरात घे आधी!" मी घेतली. मग त्यांनी सांगितलं, "मीबी असंच करत होतो. भरला ट्रक घाटात असाच सोडला. ब्रेक तापले आन् लागेचनात. शेवटी बांधावर घातला, म्हणून वाचलो." पुढे एका गॅरेजवाल्यानेही सांगितलं, की आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय काढला की पेट्रोल जवळपास घेतच नाहीत. म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत तर काही नव्हतंच.

काकांनी सांगितलेलं मी रोज करत राहिले. साडेबाराचे चौदा झाले, मग पंधरावर अडकले. टायरमध्ये हवा कमी निघाली, ती भरली. डिकीत उरलेल्या फरशीची दोन खोकी पडून होती, ती काढली. साडेसोळा झाले.

मग आम्ही दोघे शेगावला दर्शनाला निघालो. टाकी फुल केली. नवरा चालवत होता. खामगावच्या अलीकडे उतार लागला, तशी त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

"गिअरमध्ये घ्या."

"आता तू मले शिकवशीन?"

"गिअरमध्ये घ्या, आन् बाजूला थांबवा. मी चालवते."

माझा आवाज चढला नव्हता, पण त्याने थांबवली. तिथून शेगाव आणि शेगावहून मेहकर, सगळं मीच चालवलं. तो तोंड फिरवून बसला होता. मेहकरच्या पंपावर पुन्हा टाकी भरली. एकोणीस आले.

घराजवळ आल्यावर त्याने विचारलं, "येताना त्या मोठ्या चढावर तू कोणत्या गिअरात होती?"

"तिसऱ्यात. चौथ्यात इंजिन धापा टाकायले लागलं, म्हणून खाली आणला."

त्याने मान हलवली. "मी चौथ्यातच रेटतो."

मोकळ्या रस्त्यावरचे, त्यातही जाताना त्याने चालवलेलं धरून आलेले एकोणीस मी खरे धरले नाहीत. माझा शब्द शाळेच्या रस्त्याचा होता, खड्ड्यांचा, गुरांचा आणि बाजाराच्या गर्दीचा. तिथे अठरा यायला आणखी दोन महिने लागले.