कडुलिंबाखालचा कॅमेरा

जळकोटच्या बजरंगला कुणी नाव विचारलं, की विचारणारा हमखास दचकायचा. ख्रिस्ती माणूस आणि बजरंग? तो हसून सांगायचा, "नाव आजोबानं दिलं, येशू आजीनं. म्या दोनी ठेवले."

हायवेच्या कडेला त्याचं विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरून द्यायचं दुकान. लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप लागलं, तेव्हा यानंच काठीला मोबाइल बांधून पहिली उपासना लाइव्ह केली. पुढं मिक्सर आला, तिवईवरचा कॅमेरा आला, आणि दर रविवारी हा गडी कानाला हेडफोन लावून मागच्या कोपऱ्यात उभा. सगळं फुकट. आणि फुकटच्या कामाला लोक जितकी नावं ठेवतात, तितकी सगळी ऐकून घ्यायचा.

पण कामाच्या बाबतीत तो भलता कडक. कॅमेऱ्याकडं कुणी बघायचं नाही, हा त्याचा कायदा. लांबच्या माणसाला आपण तिथंच बसलोय असं वाटलं पाहिजे, म्हणायचा. दफनविधी असला की आणखी कडक. पेटीभोवती गर्दी झाली की भर दुःखातही ओरडायचा, "सरका तिकडून! तिची लेक बघायलीय मुंबईहून." लोक कुरकुरत सरकायचे. किती लेकींनी, किती जावयांनी त्याच्यामुळं आपल्या माणसाचं शेवटचं तोंड पाहिलं, त्याला गणती नाही.

मार्चमध्ये त्याची आई गेली, सारजाबाई. धाकटी बहीण अर्पिता मस्कतला नर्स, तिला रजा मिळेना. फोनवर ती एकच म्हणत राहिली, "दादा, मला आईला बघू दे. एवढं कर."

दोन वर्षं बजरंगनं शिवकुमारला हाताशी धरून सगळं शिकवलं होतं. हा तिशीतला, बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारा. तो घरी आला, बजरंगचे दोन्ही हात धरून म्हणाला, "भाऊ, तुमी आईपाशी थांबा. कॅमेऱ्याची फिकीर करू नका. म्या कबरस्तानात मागं कडुलिंबाखाली लावतो, तिथनं झूम करतो. अकराला चालू." बजरंगला भरून आलं. त्यानं अर्पिताला कळवलं, अकराला चर्चचं चॅनल उघड.

दफनाच्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला, अंगात ताप आहे, येणं होत नाही. मंडळीतले वडीलधारे ज्ञानोबा यांनी बायबलातलं वचन वाचायला घेतलं. अकरा वाजून गेले तेवढ्यात बजरंगच्या खिशात फोन टिंग वाजला. चर्चचं चॅनल लाइव्ह झालं की वाजणारी ती घंटी त्यानंच लावली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. शिवकुमारनं चालू केलं. अर्पिता बघायलीय. विधीत पुन्हा वाजू नये म्हणून त्यानं खिशातच फोन मुका केला.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. आयुष्यभर लोकांना जे सांगितलं, ते आईच्या वेळी मोडायचं कसं? ज्ञानोबांना तो हळूच म्हणाला, "काका, झाकण लगेच लावू नका. दोन मिनिटं राहू द्या." आणि मग सवयीनं त्यानं सगळ्यांना बाजूला केलं. "सरका. अर्पिताला दिसू द्या." तो स्वतःही सरकला, पार पायाशी जाऊन मान खाली घालून उभा राहिला. कडुलिंबापासून आईच्या तोंडापर्यंत सरळ वाट मोकळी राहिली. दोन मिनिटांनी झाकण लागलं. बजरंगनं मूठभर माती टाकली.

घरी येऊन फोन काढला तर अर्पिताचे चौदा मिस कॉल. त्यानं लावला.

"दादा, आई कुठं हाय?" तिला धड बोलता येईना. "बंगला दिसायलाय. फुगं लावलेत. पाळकसाहेब फीत कापायलेत. मला वाटलं, आता कॅमेरा आईकडं वळंल, मग वळंल. पाऊण तास बसले, रं."

बजरंगनं चॅनल उघडलं. उमरग्याच्या एका बड्या ठेकेदाराच्या नव्या घराचं समर्पण. तापानं फणफणलेले पाळकसाहेब हसत पेढा भरवत होते. झूम छान केला होता, अगदी त्यानं शिकवला तसा. मग त्यानं लपवलेल्या कमेंटची यादी काढली, चॅनल चालवणाऱ्यांनाच दिसते ती. तिथं अर्पिता होती, तीनदा. "आईकडं कॅमेरा फिरवा." "आई दिसंना." "कुणी हाय का तिकडं?" आणि तिन्हींपुढं लपवणाऱ्याचं नाव, शिवकुमार. पाळकसाहेबांचं एक वेळ सोडा. पण ज्यानं हात धरून शब्द दिला, त्यानं तिची हाक वाचली आणि दाबली.

तो थेट बसस्टँडवर गेला. शिवकुमार मान खाली घालून म्हणाला, "पाळकसाहेब ऐन वक्ताला म्हणले, चल. ती मानसं चर्चला नवा कॅमेरा द्यायलीत, भाऊ. तुमाला सांगितलं असतं तर तुमी न्हाय म्हणला असता."

"आन् तिनं लिवलेलं?"

"शुभ कार्यात ते बरं दिसत नव्हतं."

बजरंगला मारायचं होतं. हात उचललाही. मग तसाच खाली घेतला आणि घरी आला. अर्पिताच्या तिन्ही कमेंट त्यानं पुन्हा उघड्या केल्या, बंगलेवाले वाचतील तर वाचोत, आणि चॅनलवरून स्वतःचं नाव काढून टाकलं. रविवारची हाक आता कुणीही मारो, तो जाणार नव्हता.

संध्याकाळी अर्पिताचा फोन आला. रडून रडून आवाज बसला होता.

"जाऊ दे दादा. तू तर जवळ हुतास. तू सांग. शेवटी आईचं तोंड कसं दिसत हुतं?"

झाकण उघडं होतं ती दोन्ही मिनिटं बजरंग कॅमेऱ्याच्या आड येऊ नये म्हणून बाजूला उभा होता. त्यानं फक्त आईच्या पायांवरची चादर पाहिली होती.