वंदनाचा शेक

वंदनाच्या गर्भपिशवीत गाठी होत्या, आणि सोनाळ्यात गाठींवर एकच उपाय ठाऊक: पिशवी काढून टाकायची. वंदना पडली फटकळ तोंडाची. "पिशवी माही हाय, मी ठेवीन," म्हणाली आणि हट्टानं अकोल्याला गेली. तिथं जांघेतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा बंद केला. चीर नाही, टाका नाही. "ताप आला तर लगेच या," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

सासू कौशल्याबाईनं तिला घरी बाळंतिणीसारखं ठेवलं. पोट करकचून बांधलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. शेकलेलं अंग गरम लागणारच, म्हणून ताप कुणाला कळलाच नाही. आतून कुणी विळ्यानं कापावं तशा कळा येत होत्या. अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, तर सासूबाई खूश, "जुनं रगत जाऊन राह्यलं."

भरदुपारी वंदना उठून पळू लागली. नवऱ्यानं, निवृत्तीनं, तिचे खांदे बाजेवर दाबले. "नाटकं नको करू! टाका तरी हाय का एखादा?" आणि सणसणीत थोबाडीत दिली. मेल्याला लाज नव्हती! तिनं त्याच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावा घेतला आणि लाथेनं शेगडी उलथवली. निखारे घरभर उडाले. निवृत्तीचे तळपाय भाजले, सासूच्या लुगड्याचा काठ पेटला. वंदना अंगणात जाऊन कोसळली. वैशाखाच्या उन्हात तिचे दात वाजत होते.

काठ विझवत आलेल्या कौशल्याबाईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळली, "निवृत्ती, हा शेक नोहे बे, ताप हाय! गाडी आण!"

अकोल्यात कळलं, मेलेली गाठ सुटून पिशवीच्या तोंडाशी अडकली होती, सडत होती. ती खालूनच तुकड्यातुकड्यानं ओढून काढली.

"आता पिशवीबी काढून टाका, कटकटच नको," निवृत्ती डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

कौशल्याबाईनं पोराच्या कानाखाली अशी वाजवली की सगळा वॉर्ड वळून बघू लागला.

"तिले इचार! माही काढली तवा मी सत्तावीस वर्साची होती. तुह्या बापानं हो म्हनलं. मले तं घरी आल्यावर समजलं."

डॉक्टरीणबाई वंदनाच्या खाटेपाशी गेल्या. औषधांनी ताप उतरेल असं वाटतं, पण पिशवी ठेवण्यात धोका आहे, म्हणाल्या. काय करायचं?

"राहू द्या," वंदना म्हणाली.

ताप उतरला. पिशवी राहिली.