खाऱ्या पाण्याची काठी

आमच्या सोलापुरात समुद्र नाही. तरी समुद्रात मासे धरायची काठी मी सोलापुरातच घेतली, आणि ती अजून धड आहे. कुणी विचारलं तर काढून दाखवतो.

माझी मुलगी देवगडकडं एका खाडीकाठच्या गावात दिली आहे. व्याही रोज संध्याकाळी जेटीवर गळ टाकतात. मागच्या खेपेला त्यांनी त्यांची काठी माझ्या हातात दिली. काळी, कार्बनची, पिसासारखी हलकी. गळ खाली दगडात अडकला. मी यंत्रमागावर चाळीस वर्षं काढलेला माणूस, अडकलं की ओढायचं एवढंच ठाऊक. ओढली. मधोमध मोडली.

व्याह्यांनी दोन्ही तुकडे गोळा केले. बोलले ते जेवायला बसल्यावर. मुलीनं माशाचं कालवण वाढलं आणि ते हसत म्हणाले, "खावा हो, व्याही. काठी मोडलात, तरी मासो आमचोच."

सगळे हसले. मी ताट बाजूला सारलं. म्हणालो, "आता माझ्या काठीनं मी मासा काढीन, तवाच या घरात मासा खाईन."

मुलगी हातात पळी धरून तशीच उभी राहिली. पुढचे दोन दिवस मी वरण-भात खाल्ला. निघताना ती एवढंच म्हणाली, "अण्णा, माझ्या हातचं सोडलं व्हय तुमी?" मी पिशवी उचलली. पण एसटीत बसल्यापासून ते डोक्यात होतं. माझी जीभ माझीच, पण पोरीनं काय केलं होतं?

म्हणून काठी घ्यायची ठरली. मुलगा म्हणाला, मोबाईलवरून मागवतो. मी म्हणालो, हात लावल्याबिगर मी दोरीसुद्धा घेत नाही. सात रस्ता चौकाच्या बाजूला जाळी, नायलॉनचे दोर आणि गळाचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथं भवानी पेठेतून चालत गेलो. खिशात दोन हजार होते, आणि त्यातच भागवायचं होतं.

दुकानदारानं आधी एकात एक सरकून बसणारी काठी दाखवली. "काका, ही घ्या की. पिशवीत मावती."

मी ती उघडली, मिटली, परत उघडली. प्रत्येक सांध्यात हलत होती. "पिशवीत मावती, पर मासा काढती का?"

"हिपरग्याच्या तळ्यावर समदे हीच नेतात."

"मला तळं न्हाय, समुद्र पायजे."

तो माझ्याकडं बघत राहिला. "सोलापुरात?"

"तुमी काठ्या दाखवा."

मग त्यानं बारा फुटी काढली. जेटीवर उभ्यानं टाकायला एवढी लांब कशाला? हात दुखून येतील. शेवटी आठ फुटी, दोन तुकड्यांची, फायबरची निघाली. कार्बनपेक्षा जड, पण वाकवली तर वाकत होती आणि सोडली की सरळ होत होती. माझ्यासारख्या ओढणाऱ्याला तीच बरी. खिशातून सुती धागा काढला आणि काठीवरच्या कड्यांमधून ओवून मागं-पुढं केला. मागावर धागा ज्या तारेच्या डोळ्यातून जातो तो खरबरीत असला तर दर घटकेला धागा तुटतो. इथंही तेच असणार. त्या मापाच्या पहिल्या काठीच्या एका कडीत धागा पिंजला. ती परत दिली. तसल्याच दुसरीत साफ गेला.

रीळ निवडायला जास्त वेळ लागला. दुकानदार सांगत होता, याला बेरिंगं जास्त हायत, त्याला कमी हायत. मी रीळ कानाशी लावून हँडल सावकाश फिरवत होतो. आतल्या चाकाचा दात घासला की आवाज येतो, मागाचा असो की रिळाचा.

"काका, रेडिओ हाय का त्यो?" शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं.

"तुमाला आयकू यायचं न्हाय," मी म्हणालो.

मला लोखंडी भारदस्त रीळ आवडलं होतं. पण खारं पाणी लोखंड खातं, हे व्याह्यांकडच्या खिडकीचे गज बघून कळलं होतं. म्हणून अंग प्लास्टिकचं, दोरा गुंडाळायचा भाग न गंजणाऱ्या धातूचा, बेरिंगं मोजकी असं मधल्या मापाचं घेतलं. बेरिंगं जास्त तर गंजायच्या जागाही जास्त. दोरा ताणून धरला आणि रिळाचा ब्रेक ढिला-घट्ट करून बघितला. मासा जोरानं ओढायला लागला की दोरा धक्के न देता सुटला पाहिजे. याचा सुटत होता. दुकानदार घामाघूम झाला होता, पण दोन हजारांत सगळं बसलं.

पुढच्या महिन्यात काठी जुन्या चादरीत गुंडाळून देवगडला गेलो. व्याह्यांनी ती उलटून पालटून बघितली, रीळ फिरवलं, आणि "बरी आसा," म्हणाले. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

संध्याकाळी जेटीवर सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा लावून टाकली. गळाकडचा जाड नायलॉन मुख्य दोऱ्याला मी माझ्या हातानं जोडला होता. चालत्या मागावर तुटलेला धागा डोळे मिटून जोडायचो मी. माझी गाठ बघायला नवीन कामगार उभे राहायचे. थोड्या वेळानं काठी वाकली. फायबर छान वाकलं, रिळानं दोरा सोडला, सगळं निवडलं तसं चाललं होतं. आणि एकदम सैल. दोरा वर आला तो मोकळा.

व्याह्यांनी टोक बोटात धरून बघितलं. तुटलं नव्हतं, निसटलं होतं. "ही गाठ कोणी मारल्यान?"

"मी."

"सूत वेगळा, ह्यो नायलॉन वेगळो. भिजलो की निसटतलो." त्यांनी दोन्ही टोकं घेतली, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेढे मारले, थुंकी लावली आणि ओढलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

अंधार पडायच्या आत त्याच काठीला वीतभर तांबोशी लागली. व्याही म्हणाले, "घेवा, झाला तुमचा."

मी म्हणालो, "ह्यो माझा न्हाय. गाठ तुमची हाय."

व्याह्यांनी कपाळावर हात मारला आणि मासा घेऊन घरी चालू लागले. मी काठी घेऊन मागं. घरी त्यांनी सगळं माझ्या मुलीला सांगितलं. ती चुलीपाशी मासा साफ करत ऐकत होती. मग मान वर न करता म्हणाली, "अण्णा, चादर विणून घरी आणायचा, तवा काय म्हणायचा?"

"काय म्हणायचो?"

"मी विणली म्हणायचा. नवा भीम चढला की त्याच्या हजारभर धाग्यांच्या गाठी कोण मारायचं? तुमी?"

भीम म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा मोठा रूळ. त्याच्या गाठी मारायला दुसरा माणूस यायचा. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पोरीच्या ध्यानात राहिलं असेल असं वाटलं नव्हतं.

"दुसरं कोन तरी मारायचं," मी म्हणालो.

"मग बसा ताटावर."

बसलो. व्याही शेजारी बसले. मुलीनं तळलेला तुकडा वाढला आणि समोरच उभी राहिली, मी घास तोंडात घालेपर्यंत. मासा लहान, काटे फार. पण मीठ-तिखट तिच्या आईसारखं होतं.

जेवण झाल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर हे रोज करावं लागतं, नाहीतर घेताना केलेली सगळी पारख वाया. मग व्याह्यांसमोर नायलॉनचे दोन तुकडे घेऊन बसलो. तिसऱ्यांदा त्यांनी माझी गाठ दातात धरून ओढली. सुटली नाही.