आईच्या टाचांना लावलेलं मलम

आमच्या आईच्या टाचा म्हणजे वैशाखातलं भेगाळलेलं भातखाचर. लावणीच्या दिवसांत त्या भेगांत चिखल शिरतो आणि पाऊल टेकवताना ती खालचा ओठ दाताखाली धरते. "आई, यंदा नको गं," म्हटलं की ठरलेलं उत्तर: "पाय काय पुजायला दिल्यात व्हय?" कामशेतच्या पुढं आमच्या गावात अजून इर्जिकीनं लावणी होते. आज सगळ्या बाया तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. आपली पाळी चुकली तर कुणी तोंडावर बोलत नाही, पण आईला ते न बोलणंच झोंबतं.

मी तळेगावात शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मानेवरची चामखीळ काढायला गेले, तेव्हा आई सोबत होती. डॉक्टरांनी तासभर आधी जागा बधिर करणारं लिडोकेनचं मलम लावलं, वर प्लॅस्टिक चिकटवलं आणि मग चामखीळ जाळली. मला काहीसुद्धा कळलं नाही. आई टक लावून बघत होती.

"डागदर, ह्ये भेगांना चालंल का वो?"

"अजिबात नाही, मावशी. फाटलेल्या कातडीतून ते रक्तात जातं. जास्त झालं तर चक्कर येते, झटके येतात, हृदयालाही धोका असतो. आणि बधिर जागेला चटका बसलेला कळत नाही."

आईनं नंदीबैलासारखी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

कसलं पटतंय! लावणी सुरू झाली तशी तिनं कामशेतहून तसलीच ट्यूब आणवली. मला हे कळलं ते शनिवारी गावी गेले तेव्हा. संध्याकाळी बाया आपापल्या घरी गेल्या होत्या, आई पाय धुऊन शेगडीशी शेकत बसली होती आणि मी भाकरी थापत होते. कसलासा उग्र वास आला.

"आई, काय जळतंय गं?"

"दूध आसंल, बघ."

दूध तर मी मघाशीच उतरवून ठेवलं होतं. वळून बघते, तर आईची उजवी टाच शेगडीच्या तापलेल्या कडेवर टेकलेली आणि ही बाई निवांत सुपारी कातरत बसलेली.

मी किंचाळले. पाय ओढून पाण्यात घातला, तरी ती विचारते, "काय झालं गं एवढं?" बाजूला दुधाच्या रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. रोज मलमाचा जाड थर देऊन त्या ती टाचांना बांधत होती. मग एकेक बाहेर आलं. जीभ जड पडते, कानात गुणगुणतं, बांधावर दोनदा भोवळ आली. "उपाशीपोटी च्या घेतला, त्यानं झालं आसंल." मला इतका राग आला की रडूच फुटलं. जीव गेला असता तिचा, आणि कशासाठी, तर इर्जिकीतली पाळी चुकू नये म्हणून!

दवाखान्यात रात्रभर तिच्या छातीला तारा लावून ठेवल्या होत्या. जिवावरचं टाचेवर निभावलं. पण भाजलं होतं खोल, नसांपर्यंत. ड्रेसिंग चालू राहिलं, लावणी तिच्याविना उरकली. रोज संध्याकाळी कुणीतरी बाई डबा घेऊन यायची आणि आई भिंतीकडं तोंड करून पडायची.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आज तपासू. टाचेला जाणीव परत आली असेल तर हळूहळू शेतात जाता येईल. नसेल तर ऑपरेशन, आणि चिखलात पाय घालणं कायमचं बंद."

 आईनं माझ्याकडं बघितलं आणि पाय पुढं केला.

"डोळे मिटा, मावशी. सुई टोचली की सांगा."

आईनं डोळे गच्च मिटले. माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"व्हय व्हय, टोचलं," ती म्हणाली. "लय दुखतंय, डागदर."

डॉक्टरांनी अजून सुई हातात घेतलीच नव्हती.